मोहाखालचे सात ठिपके

६ जानेवारी, सोमवार
धानोऱ्याच्या रस्त्यावर सात लाल ठिपके एकावर एक बसलेत! दोन वर्षांतले सात जीवघेणे अपघात, आणि नकाशात तो पट्टा सरळसोट. वळण नाही, फाटा नाही. अक्षांश-रेखांश तीनदा तपासले. आकडे बरोबर. मग चुकतंय काय?

शुक्रवारी यादी द्यायची. कठडा आणि दिवे एकाच जागी मंजूर आहेत. जागा चुकली तर संपलं.

७ जानेवारी
काही कळत नाही. शेजारच्या टेबलावरची रीता म्हणे, "भूत असन सर. नकाशात भुताचा एक थर टाका!"

८ जानेवारी
जागेवर जाऊन आलो. चढ संपतो तिथे मोहाचं झाड. पुढे-मागे रस्ता मोकळा. घसरल्याची खूण नाही, फुटकी काच नाही. सरपण घेऊन जाणाऱ्या भागीरथाबाईंना विचारलं — इथे इतकी माणसं कशी पडतात हो?

"इथी? इथी कोनी नाई पडत भाऊ! इथी रेंज येते."

आसपास दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. सगळं गाव याच झाडाखाली येऊन फोन करतं. रुग्णवाहिकेला फोन गेला की नोंद होते ती फोनच्या जागेची. म्हणजे दोन दिवस मी रेंज तपासत होतो!

"मग पडतात कुठे?" मी विचारलं.

"खाली, रपट्यावर. मुखरूले विचारा. दरवेळी तोच पयते फोन कराले."

९ जानेवारी
रपटा पाहिला, नाल्यावरचा बुटका पूल. ऐन वळणावर, कठडा नाही. झाडापासून चार किलोमीटर, सगळा चढ. ठिपके खाली सरकवले. तरी मन थाऱ्यावर नाही — कागदात रपट्याचं नावसुद्धा नाही, डोळ्यांनी पाहणारा माणूस एकच. मुखरूभाऊ शेजारच्या तळ्यात मासे धरतात. जाळं झटकत म्हणाले, "नीट मांडजा साहेब. नाई तं दिवे मोहाले लावान!"

१० जानेवारी, शुक्रवार
यादी तयार. पाठवणार तेवढ्यात मुखरूभाऊंचा फोन, झाडाखालून.

"एक सांगाचं राह्यलं साहेब. मी सायकल काढली तवा सातातले पाच जन बोलत होते. फोन करून वापस आलो तवा एकबी नाई."

यादी अजून पाठवलेली नाही.