आटवलेलं पाणी

माय,

तुझं आटवलेलं पाणी आठवतं मला. पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू चुलीवर पाण्याचा गंज ठेवायचीस, ओवा टाकायचीस, अन् पाणी निम्मं होईस्तोवर तिथून हलायची नाहीस. "देव त्यातलं वाईट जाळून टाकते," म्हणायचीस. मी एकदा घाईनं साधंच पिऊन टाकलं, तर दिवसभर बोलली नाहीस माझ्याशी. तेव्हा तुझ्याकडं काय, आमच्याकडं काय, पाणी विहिरीचं होतं. आमची विहीर कचऱ्यानं कधीच बुजली. नळ येतो कधीतरी, गढूळ, वास मारणारा. म्हणून आमचं सगळं हातपंपावर. पाणी कसं, काचेसारखं. त्याच पाण्यावर माझी लेक वाढली. दात मात्र तिचे लहानपणापासून तपकिरी. तिला पाहायला आले, तेव्हा आताची तिची सासू तोंडावर म्हणाली, "पोरगी तंबाखूचा खर्रा खाते काय वं?" सगळे हसले. लेक तेव्हापासून तोंडावर पदर घेऊन हसते.

यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तुझ्यासारखंच केलं. फडक्याच्या चार पदरांतून पाणी गाळायचं, ओवा टाकायचा, देवाचं नाव घेत आटवायचं. गॅस जळायचा, पण त्यात मी कंजूसपणा केला नाही. एक दिवस दवाखान्याची आशाताई लेकीचं वजन घ्यायला आली.

"काकू, काय आटवून राह्यल्या?"

"पोरीसाठी पाणी. हातपंपाचं."

ती चटकन उठली. "पिऊ नये म्हणून त्या पंपाले लाल पट्टा मारला न! दिसला नाही काय?"

दिसला होता, माय. आम्ही बायांनी म्हटलं, नवरात्र जवळ आलं, रंगवला असंल. दोघीतिघींनी त्याला हळदकुंकूही वाहिलं.

"फ्लोराइड हाये त्यात. त्यानंच दात असे होते, हाडं वाकते. अन् पाणी आटते काकू, ते नाही आटत. मिठाचं पाणी आटवलं तं अजून खारंच होते न?"

गॅस बंद करायचंही मला सुचत नाही. लेक दारात उभी आहे, पोटावर हात ठेवून. रागावत नाही, रडत नाही. एवढंच विचारते, "आई, मंग मी पिऊ तरी काय?"

देवासमोर बसले, तर तीर्थही त्याच पाण्याचं. विकतचं पाणी आणणाऱ्या कॅनवाल्याला विचारलं, कोणत्या बोअरचं भरतोस? तो म्हणाला, "काकू, देवाचं नाव घ्या अन् प्या." नगरपंचायतीत म्हणतात, पाइपलाइन येऊन राह्यली. बाळ काय पाइपलाइनसाठी थांबते? तिच्या सासरी धरणाचं पाणी येतं. शेवटी मीच विहिणीला फोन केला, घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, "तुमीच म्हणलं ते बरं झालं." शेजारीण विचारते, पहिलं बाळंतपण अन् सासरी? काय सांगू, माय? की माझ्या घरात लेकीला द्यायला पाणी नाही?

आज ती गेली. हे तुला लिहिते आहे, पण पाठवू कुठं? देवघरातल्या पोथीखाली ठेवून देईन. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. ऑटोत बसताना तिनं घोटभर पाणी मागितलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.