आधी मायचं पान

६ एप्रिल
कोथरूडला समाजाचा मेळावा. निखिलचे बाबा मंडळाचे अध्यक्ष, म्हणून मी, होणारी सून, पहिल्या रांगेत. त्यांचं भाषण. "आपण शुद्ध राजपूत. सैन्याबरोबर उत्तरेतून आलो, बायकामुलांसकट." टाळ्या.
बायकामुलांसकट? आमच्या घरी तर मूळपुरुष एकटाच आला. तापाने फणफणलेला, लष्कराने मागे टाकलेला. एका गोंड बाईने त्याला मोहाच्या झाडाखालून उचलून घरी नेलं. त्या दोघांपासून आपण सगळे. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात शेंबडं पोरही हे सांगेल.
टाळ्या वाजवल्या नाहीत. निखिलने कोपराने ढोसलं. तरी नाही.

७ एप्रिल
आईला सांगितलं. भाजी निवडत होती. "मंग हळदीले मायचं पान कोन मांडन?" एवढंच.
तिच्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. भांडायचं तर पूर्ण माहिती हवी. हळदीच्या दिवशी मांडवाच्या दारात त्या गोंड मायसाठी पळसाचं पान. त्यावर कोदोचा, म्हणजे कोद्र्याचा, भात आणि मोहाची फुलं. शिजवायचं नवरीच्या आईने, मांडायचं नवऱ्याच्या आईने. "माय, आधी तू जेव" म्हणायचं. तोवर मांडवात कुणी घास घ्यायचा नाही.
म्हणजे निखिलची आई. बघू.

१२ एप्रिल
निखिलच्या घरी बोलणी. हॉल, हळद दोन्हीकडची एकत्र, सगळं ठरलं. मग मी पानाचं काढलं.
बाबा त्याचे : "ते नको. फोटो असतात, लोक विचारतात."
"सांगू ना. आपली आई होती म्हणून."
"अहो विदुषीबाई, ती मूळपुरुषाच्या सेवेला ठेवलेली बाई."
"बरंय. सेवेच्या बाईची लेकरं आज एसी हॉल बुक करतात."
माझ्या बाबांनी कप खाली ठेवला. काकू, म्हणजे निखिलची आई, ट्रे घेऊन आत गेल्या. त्या आमच्याच तालुक्यातल्या. त्यांच्या हळदीत पान मांडलेलं आईने स्वतः पाहिलंय. आणि एक शब्द नाही! त्याच्या बाबांपेक्षा मला त्यांचाच राग आला.

१९ एप्रिल
हिंजवडीच्या बसमध्ये तासभर अडकले, तेवढ्यात निखिलचा फोन.
"एका पानावरून लग्न मोडशील?"
"तुझ्या बाबांना विचार."
"मग घरी करा ना, गुपचूप."
गुपचूप! आईला कुणी गुपचूप जेवायला घालतं का? फोन ठेवला. शेजारची मुलगी बघत होती. बघू दे.

२ मे
आईबाबा सकाळी टेकडीवरून पळसाची पानं घेऊन आले. एका फिरायला आलेल्या काकांनी हटकलं म्हणे, "फिरायला येता की झाडं ओरबाडायला?" आई म्हणाली, "लेकीचं लगन हाये, तुमीबी या."
कोदो कोथरूडच्या ऑरगॅनिक दुकानात मिळाला. चकचकीत पाकीट, वर 'मधुमेहींसाठी उत्तम'. आईला हसू आवरेना. "आमच्या लहानपनी कोदो खानाऱ्याले हसत वो लोकं."
मोहाची फुलं मामाने ट्रॅव्हल्सने पाठवली. घरभर वास. मला तो वास आवडतो, आणि आता तर मुद्दाम आवडतो.

५ मे
त्याच्या बाबांचा फोन. पान दिसलं तर ते हॉलमधून उठून जातील. आणि माझे बाबा "बरं" म्हणाले!
कडाक्याचं भांडण. "आपण मुलीकडचे आहोत," बाबांचं पालुपद. म्हटलं, मग मुलीचं ऐका. पान मांडलं नाही तर मी जेवणार नाही, हळदही लावून घेणार नाही.
बोलून बसले खरी. निखिल मला आवडतो, फार आवडतो. पण त्या बाईने आजारी, परक्या माणसाला घरात घेतलं, आणि तिच्याच पोरांच्या मांडवात तिला जागा नाही, हे माझ्याकडून नाही होणार.

१० मे, दुपार. हॉल, नवरीची खोली
पान दारात आहे. रिकामं. भाताचा डबा घेऊन आई शेजारी खुर्ची टाकून बसलीय. मांडणं तिच्या हातात नाही.
केटररने झाकणं उघडली. निखिलच्या बाबांनी माइकवरून दोनदा सांगितलं, जेवून घ्या. पुण्याची मंडळी उठली. आमच्या गावची उठली नाही. निखिलही उठला नाही. खिडकीतून दिसतोय, हातात रिकामी प्लेट घेऊन बसलाय. त्याला खरंच काही कळलंय की नुसता घाबरलाय, कोण जाणे.
आत्ता काकू आत आल्या. दार लावलं.
"जेवलीस?"
"नाही."
"मी पण नाही."
मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "तांब्या कुठी हाये? मायले आधी हात धुवाले पानी द्या लागते. तुह्या मायनं सांगतलं नाही का?"
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आमची बोली ऐकली. मला रडू आलं. हे पाण्याचं आईसुद्धा विसरली होती.
बेसिनखालचा तांब्या दाखवला. भरतायत. बाहेरून निखिलचे बाबा दार ठोठावतायत, "अगं, आत आहेस का? लोक वाट बघतायत."
काकूंनी ओ दिलेली नाही. नळ चालूच आहे.