वरची एक ओळ आणि दोन भागीदार

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पूर्ण समजावा.) लेकीचं बाळ तुम्हा दोघींना झोपू देतं का? तुझी पाठ काय म्हणते? आमच्या भाचीला म्हणावं, बाळंतपणात तरी त्या संगणकापासून लांब राहा. तिनं कारखान्याची वेबसाइट करून दिली नसती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तुझा नवरा वाटणी मागतो आहे.

तुला ठाऊकच आहे, जिने भाऊजी बनवतात आणि गिऱ्हाईक मी सांभाळतो. त्याच हिशोबानं वेबसाइटवरही ‘लाकडी जिने’ हे पान त्यांचं आणि ‘आमच्याविषयी’ हे माझं, असं ठरलं. पान उघडलं की वर टॅबवर त्याचं शीर्षक दिसतं. माझ्या पानावर तिथं नुसतं ‘स्वागत’ असं होतं. (आत काय आहे ते न सांगता स्वागत करणाऱ्याचा मला पहिल्यापासून संशय येतो.) म्हणून मी फाइली धुंडाळल्या. ‘हेडर’ नावाच्या फाइलीत ती ओळ सापडली, तिथं ‘आमच्याविषयी’ असं लिहिलं आणि घरी गेलो. सकाळी पाहतो तर माझ्या पानावर ‘लाकडी जिने’.

आता ताई, लाकडी जिने म्हटल्यावर दुसरं कोणाचं नाव मनात येणार? तरी मी मन मोठं केलं आणि माझं शीर्षक परत लिहिलं. दुपारी पुन्हा जिने. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा जिने. कीबोर्ड उलटा करून झटकला तर त्यातून लाकडाचा भुसा पडला. (भुसा आपल्याकडे चहातही पडतो हे मला मान्य आहे, पण कीबोर्डातला भुसा म्हणजे पुरावा.) तिकडे भाऊजीही माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघू लागले. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं मी मनाशी म्हटलं, पण विचारलं नाही. त्यांनीही नाही. चारचा चहा आम्ही एका बाकावर घ्यायचो, तो पाठमोरे बसून घेऊ लागलो.

शेवटी मी सापळा लावला. त्याच ओळीत लिहिलं, ‘हे कोण करतंय ते मला कळलं आहे.’ माझ्या पानाशी खेळायला येणारा ते वाचून गारठेल, हा डाव. पण गारठल्या त्या आपल्याकडे जिन्याची चौकशी करून गेलेल्या डॉक्टरीणबाई. भाव बघायला त्यांनी जिन्यांचं पान उघडलं आणि लगेच फोन करून, आपण दुसऱ्या सुताराकडेही चौकशी केली होती, चूक झाली, असं सांगू लागल्या. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. मी नुसतं ‘हं’ म्हणालो. जिन्याचं काम आपल्यालाच मिळालं.

पण तीच ओळ भाऊजींनीही त्यांच्या पानावर वाचली. रंधा खाली ठेवला, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “मेहुणे, माझ्याच पानावर मला दम? मग आता वेगळं झालेलं बरं.” ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. हळू बोलले, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वरचं लिहून होतंय तोच भाचीचा फोन आला. हेडर म्हणे सगळ्या पानांना मिळून एकच असतं. म्हणजे दोन बिऱ्हाडांना एक पाटी, आणि आम्ही दोघं आळीपाळीनं एकमेकांचं नाव पुसत होतो. शीर्षक ज्याच्या त्याच्या पानाच्या फाइलीत लिहायचं, हेडर ते तिथून उचलतं, अशी व्यवस्था तिनं करून दिली. बोलताना मागे बाळ खदखदून हसत होतं. इतकं लहान बाळ असं हसतं का?

ता. क. दुसरा. खरं काम हे. भाऊजींना तू फोन करून समजाव आणि वाटणीचं डोक्यातून काढ. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस. रंधा मारताना ते गुणगुणायचे, ते बंद झालंय. मला त्या कारखान्यात बसवत नाही.

ता. क. तिसरा. व्यवस्था चालते का ते बघायला आत्ताच वेबसाइट उघडली. भाऊजींच्या पानावर ‘लाकडी जिने’, ठीक. माझ्या पानावर, फक्त माझ्याच, लिहिलंय: ‘मेहुणे, चहा निवतोय.’ माझ्या एकट्याच्या पानावर लिहायचं त्यांना शिकवलं कोणी? त्या हसणाऱ्या बाळाला आता दात आहेत आणि ते माझ्याहून मोठं आहे, असा मला दाट संशय आहे. सविस्तर चौकशी चहा पिऊन आल्यावर करीन.