रुचाचे एकोणीस भाग

५ सप्टेंबर, शुक्रवार
यामिनीचा मेसेज — "बाबा, तो नेटवरचा फोटोंचा अल्बम ३० तारखेला बंद करतेय. हवं ते उतरवून घ्या." आमच्या राजसपासून वेगळी होऊन दोन वर्षं झाली, तरी मला अजून बाबाच म्हणते. आता तिचं दुसरं लग्न ठरलंय, म्हणून जुनं आवरतेय. तिचं चुकत नाही. पण त्यात आमची रुचा आहे! जन्मल्यापासून चार वर्षांची होईपर्यंत. नातीचं म्हणून आमच्याकडे आता तेवढंच.

७ सप्टेंबर, रविवार
कॉम्प्युटरवाला केदार येऊन गेला. एकोणीस भाग, एकेक दोन जीबीचा. संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर, म्हणून वेळ लावून दिली — रोज अकरा ते चार, आपोआप. म्हणाला, दुकानात उतरवून देतो. नको! घरातलं दुकानात कशाला?
"मग काका, हात तेवढा लावू नका." मी कशाला लावतोय! त्या वेळी मी वाचनालयात.

९ सप्टेंबर
पहिला भाग चाळीस टक्क्यांवर अडकला. लाईट गेली असणार. पुन्हा शून्यापासून.

१२ सप्टेंबर
काल बावन्न, आज एकतीस.

१६ सप्टेंबर, मंगळवार
अजून एकही भाग नाही. वायरमन हनुमंतला रस्त्यात गाठून झापलं. "भाऊसाहेब, तुमच्या लायनीची लाईट पंधरा दिसात गेलीच न्हाई. लिहून देऊ का?" शाळेत पस्तीस वर्षं क्लार्क होतो, लेखी मागायची सवय मीच लावलीय गावाला. मग लाईट जाते कुठे?

१८ सप्टेंबर
चष्मा विसरला म्हणून परत आलो. लीना भजनाला निघालेली, कुलूप लावत होती. आत मेन स्विच बंद! दाराशी माझ्याच अक्षरातला कागद — 'बाहेर पडताना मेन बंद करणे. हुकमावरून.' शेजारी मीटर जळाला होता, तेव्हा चिकटवलेला.
"सत्तावीस वर्षं करतेय अहो. एकदा विसरले, तर दोन दिवस बोलला नव्हतात."
कागद फाडायला गेलो, तोही धड निघेना.

२९ सप्टेंबर
लीना भजनाला जात नाही. कॉम्प्युटरपुढे भाजी निवडत बसते, टक्के मोठ्याने सांगते. रोज एक, असे अकरा आले. फोटोंत रुचा आता चालायला लागलीय.

३० सप्टेंबर, मंगळवार
बारावा आला. आज चारनंतरही चालूच ठेवलं, पण तेरावा बासष्ट टक्क्यांवर असताना लिंकच बंद. बटणं दाबत बसलो, दुसरं काय करणार!
लीना म्हणाली, "हनुमंतला विचारलंत, केदारला विचारलंत. यामिनीला फोन करून म्हणायचं होतं ना, चार दिवस थांब म्हणून."
सुचलंच नाही. छे, खोटं कशाला लिहू — धीर झाला नाही. दोन वर्षं झाला नाही.

१ ऑक्टोबर
फोन लावला. रुचाने उचलला. मी नुसतं "रुचा" म्हणालो.
"मम्मा आंघोळीला गेलीय. तुम्ही कोण काका?"