बोट परतताना

१६ जाने. २००४, शुक्र.
सकाळी दोह्याच्या गराफा भागात, रामोनकडे. ऑफिसात तो पाइपलाइन बघतो, शुक्रवारी मला विहुएला शिकवतो. जुनं स्पॅनिश वाद्य, दिसायला गिटारचं थोरलं भावंड, तारा जोडीजोडीने. वाद्यही त्याचंच, मला वापरायला दिलंय. चौथा महिना, गाडी 'देदियो'पाशी अडलेली. एकट्या तर्जनीने तार छेडायची, आत आणि बाहेर. आत येताना ठीक. बाहेर जाताना नख अडकतं, सूर मरतो. मार्चमध्ये त्याच्याकडे मैफल आहे. विद्यार्थ्यांतून एकालाच वाजवायला मिळणार. मलाच मिळायला हवं.

२७ जाने., मंगळ.
लवकर घरी आलो तर आतून देदियो ऐकू येतोय. स्वच्छ, सलग. वृंदा! सोफ्यावर, मांडीत विहुएला घेऊन.
"अहो, हे आपलं सतारीचं दा-रा की. तुमचं बोट परतताना घाबरतं."
नाशकात आठ वर्षं सतार शिकली ती. दोह्याला येताना मीच म्हणालो होतो, सामानात जागा नाही. सतार भावाकडे राहिली. त्यानंतर तिने विषय काढला नाही, मीही नाही.
इरा दप्तर टाकता टाकता म्हणाली, "बाबा, आई इज सो मच बेटर."
जळतोय मी. सरळ लिहून टाकतो. चार महिने उजव्या हाताची नखं वाढवून वरणभात चमच्याने खातोय, आणि हिने नुसतं उचललं आणि वाजवलं.

३० जाने., शुक्र.
रामोनला गंमत म्हणून सांगितलं. चूक केली. तो खुर्चीतून उठलाच. "घेऊन ये तिला."
म्हटलं, इन्शाल्ला. इथे नाही म्हणायची ही सोय चांगली आहे. तिला निरोप दिला नाही.

१० फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी विहुएलाची केस उघडली. सकाळी उतरलेल्या तारा चढवून नीट लावलेल्या. माझ्याहून चांगल्या. म्हणजे मी ऑफिसला गेलो की रियाज चालतो. विचारलं नाही. काय विचारणार?

१३ फेब्रु., शुक्र.
रामोनने पुन्हा विचारलं. बोलून गेलो, तिला बाहेर पडायला आवडत नाही. त्याने मान हलवली. मग वाजवायला बसलो, देदियोची ओळ तीनदा कोसळली.
घरी आल्यावर केसला कुलूप लावलं.

१७ फेब्रु., मंगळ.
किल्ली रोज ऑफिसला नेतो. कुलपाबद्दल ती अवाक्षर बोललेली नाही. आज कणीक मळताना पुटपुटत होती, दा रा दा रा. मी दारात दिसलो तशी गप्प झाली. म्हटलं, "चालू दे." म्हणाली, "काही नाही, सवय."
एवढी वर्षं ही सवय मला दिसली कशी नाही?

२० फेब्रु., शुक्र.
पोटाचं कारण सांगून तासाला गेलो नाही. इराला सायकल चालवायला खाली नेलं, तेवढ्यात रामोनचा घरी फोन. वृंदाने घेतला.
परत आलो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "तुमचं पोट कसं आहे विचारत होते. आणि मी बाहेर पडत नाही म्हणे. मला वाईट वाटू नये म्हणून फार जपून बोलले हो."
मी इराची सायकल भिंतीला टेकवली. 
"पानं घेते," म्हणाली. जेवताना इराच तेवढी बोलत होती. मी हाताने जेवलो. नखं काल रात्रीच कापली आहेत, ते तिच्या लक्षात आलं असावं.

२१ फेब्रु., शनि.
सकाळी किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली, तिला दिसेल अशी. म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी रामोनकडे येतेस?"
तिने किल्ली उचलली, तिच्याखालचं टेबल पुसलं, आणि किल्ली परत तिथेच ठेवली. म्हणाली, "इन्शाल्ला."