वाटाण्याएवढा डाग

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

आईच्या छातीचा एक्स-रे तुझ्या क्वांटम यंत्राने तपासला आणि त्यात डाग नाही, हा तुझा निरोप पोचला. तो मी आईला सांगितला, तिथेच चुकलं. डॉक्टरांनी सांगितलेली, सुईने नमुना काढायची तपासणी तिने तडकाफडकी रद्द केली. लेकीच्या यंत्रापुढे डॉक्टर काय, असं शेजारणीलाही ऐकवून झालं. आपला तो बाब्या, तसं आपलं ते यंत्र.

अगं, पण तो एक्स-रे मीच काढलाय. दवाखान्यात रोज हेच काम करतो. वर डावीकडे वाटाण्याएवढा डाग मला साध्या डोळ्यांनी दिसतो. तुमच्या एवढ्या महागड्या यंत्राला तो दिसू नये? जीव थाऱ्यावर नाही. लगेच लिही.

तुझा वैतागलेला,
दादा

दि. ७ मार्च

ती. दादास,
सा. न.

पत्र वाचलं आणि तशीच प्रयोगशाळेत धावले. आमच्या यंत्राचा गाजावाजा मोठा, पण ते अजून रांगतंय. अख्खं चित्र त्यात भरायलाच इतका वेळ लागतो की तोवर आधी भरलेलं विस्कटतं. मोजायला गेलं की पुसलं जातं. पुन्हा भरा, पुन्हा मोजा. म्हणून आम्ही चित्र आधी आकसवून घेतो, सोळा घरं आडवी, सोळा उभी. हाताला सवयच लागली आहे. आईचा एक्स-रेही तसाच आकसवला आणि तुझा वाटाणा शेजारच्या करड्या रंगात विरून गेला. यंत्राला डाग दिसला नाही, कारण मी तो दाखवलाच नव्हता.

डाग नसावा असं मला इतकं वाटत होतं, की हवं ते उत्तर आल्यावर मी ते उलटून पाहिलं नाही. फार भीती वाटते रे. माझं चुकलं, असं आईला सांग. हवं तर हे पत्रच वाचून दाखव, पण तपासणी होऊ दे.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
भिंगरी

दि. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही कार्टी जन्मात पहिल्यांदा चुकले म्हणतेय, म्हणजे प्रकरण साधं नाही. उठली आणि चपला घातल्या. सुईची तपासणी काल झाली. अहवाल यायचाय. फोन वाजला की मी दचकतो आणि ती मला हसते.

यंत्रावर तिचा राग नाही. लहान आहे, शिकेल म्हणाली. पण यापुढे तिचं कुठलंही चित्र तुला पाठवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. आकसवून बघण्यापेक्षा समोर येऊन बघ म्हणावं, म्हणते. अहवालाचं पाकीटही तू आल्याशिवाय उघडू देणार नाही.

तेव्हा उत्तर लिहीत बसू नकोस. लोभ आहेच, या खेपेस तो घ्यायला स्वतः ये.

वाट पाहणारा,
दादा