कुणी न फुंकलेला शंख

अप्पा, आज माझ्या सुनेनं बाजारातून शंख आणला आणि मला थेट मोरीकडे पळावं लागलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण शंख दिसला की मला अजून ओकारी येते.

आपलं बऱ्हाणपूर कुठल्या राज्यात जाणार, यावर तुमच्या बैठकीत रोज संध्याकाळी मंडळी तावातावानं भांडायची, ते दिवस. तुम्ही रामेश्वरहून आलात. तिथल्या दुकानातला शंख दहा जणांनी फुंकून बघितलेला, असला उष्टा देवाला कसा चालेल, म्हणून तुम्ही कोळ्याकडून नुकताच समुद्रातून काढलेला घेतलात. आत गोगलगायीसारखा जीव असतो, हे तापीकाठच्या आपल्याला कुठलं ठाऊक! त्याच शंखानं तुम्ही बाळकृष्णाला अभिषेक करता, आणि ते तीर्थ आमच्या तळहातावर घालता. शी! ती चव अजून जिभेवरून जात नाही.

मग घरात वास सुटला. आई मेलेला उंदीर शोधतेय, डबे उतरवतेय, देवघर पुन्हा पुन्हा सारवतेय. तुमचे एक स्नेही नाकाला उपरणं लावून म्हणाले, "अहो, घरात काही सडलं का जी?" तुम्ही सगळ्यांदेखत हसून म्हणालात, "आमच्या हिला स्वच्छतेचं वावडंच आहे." आई दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात तुम्ही तारेनं शंख कोरत होता. करडा, लिबलिबीत गोळा बाहेर पडला, त्यात अळ्या वळवळत होत्या. तुम्ही ओकलात, राख टाकून सगळं झाकलंत, शंख चिंचेनं घासून परत देवापुढे ठेवलात. मी मागच्या दारातून बघत होते. जेवताना आईला म्हणालात, "बघ, नीट सारवलंस तर गेला ना वास? आधी काय धाड भरली होती?"

त्या अळ्यांची आली नाही इतकी किळस मला तेव्हा तुमची आली. मी आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "चूप बस. बापाबद्दल असं बोलतात का पोरी?" आणि हातांना भेगा पडल्या तरी मरेपर्यंत ते देवघर रोज दोनदा सारवत राहिली.

हे लिहून आईच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचायचं ठरवलं होतं. नाही वाचत. तुम्हाला कुणी नावं ठेवलेली मला अजूनही सोसत नाहीत, अप्पा. मी ठेवलेलीसुद्धा.